चार हुतात्मे आणि एक निनावी बाई

मैत्रिणींनो, नालासोपारा म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? खच्चून भरलेलं स्टेशन, पावसाळ्यात तुंबणारे रस्ते आणि एकमेकींना चिकटलेल्या इमारती. पण याच सोपाऱ्याला एके काळी शूर्पारक म्हणत. इथे मोठं बंदर होतं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला बौद्ध स्तूप खणून काढला आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही इथेच मिळाला, हे आपल्यापैकी काहीजणींना ठाऊक असेल. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून सोपारा आपल्याच जिल्ह्यात आहे.

पण सातशे वर्षांपूर्वी या सोपाऱ्यात एक ख्रिस्ती देऊळ, म्हणजे चर्च होतं आणि त्यात चार परदेशी साधूंना पुरलं होतं, हे किती जणींना माहीत आहे? आपल्याला वाटतं, ख्रिस्ती धर्म आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर आला. आमच्या तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांचा, वसईचा पोर्तुगीजांचा. तारापूरचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेनं घेतला आणि त्याच वर्षी वसईही पडली, एवढं शाळेत शिकलेलं आठवतं. पण मी सांगतेय ती गोष्ट १३२१ सालची. वास्को द गामा भारतात यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती!

ही गोष्ट युरोपात संतकथा म्हणून सांगितली गेली. चार हुतात्म्यांची नावं, गावं, त्यांच्या मृत्यूचा महिना, त्यांचे चमत्कार, सगळं नीट लिहून ठेवलं गेलं. पण ज्या बाईमुळे ही गोष्ट घडली तिचं नाव मात्र कुणीच लिहिलं नाही. मला सांगायचंय ते तिच्याबद्दलच.

तर झालं असं. इटलीतल्या तोलेंतिनो गावचे थॉमस हे फ्रान्सिस्कन पंथाचे साधू होते. असिसीच्या संत फ्रान्सिसनं काढलेला हा पंथ. अंगात जाडाभरडा झगा, कमरेला दोरी, जवळ पैसा नाही. आपल्याकडच्या वारकऱ्यांना किंवा गोसाव्यांना जवळचे वाटावेत असे हे लोक. थॉमस तेव्हा पासष्टीच्या आसपास होते. आर्मेनियात त्यांनी बरीच वर्षं काम केलं होतं. आता त्यांना चीनला जायचं होतं. बरोबर पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डेमेट्रियस. हे तिफ्लिस म्हणजे आजच्या जॉर्जिया देशाची राजधानी. डेमेट्रियसला बऱ्याच भाषा येत, त्यामुळे दुभाषाचं काम त्याच्याकडे. सोबतीला डॉमिनिकन पंथाचा जॉर्डानस नावाचा साधूही होता.

इराणच्या आखातातल्या होर्मुझ बंदरातून ते निघाले. जायचं होतं केरळातल्या कोल्लमला, पण जहाज येऊन लागलं ठाण्याला. ठाणं तेव्हा मोठं व्यापारी बंदर, अंमल दिल्लीच्या सुलतानाचा. गावात पूर्वेकडच्या जुन्या परंपरेतल्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. त्यांना नेस्तोरियन म्हणत. त्यातल्याच एका घरात या पाहुण्यांची सोय झाली. जॉर्डानस मात्र भरूचकडे जायला पुढे निघाला.

एके दिवशी त्या घरातल्या नवरा-बायकोचं भांडण झालं आणि नवऱ्यानं बायकोला बेदम मारलं.

आता विचार करा, चौदाव्या शतकातली बाई. घरात परके पाहुणे, समाज पंधरा घरांचा. चारचौघांत अब्रू जाईल म्हणून ती गप्प बसली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. आजही आपण हेच करतो ना? पण ती उठली आणि थेट काझीकडे गेली. नवऱ्यानं मला मारलं, अशी तक्रार तिनं केली. काझीनं विचारलं, हे तू सिद्ध करू शकतेस का? ती म्हणाली, हो, करू शकते. मारहाण झाली तेव्हा घरात चार परदेशी साधू होते, त्यांनी पाहिलंय.

तिच्या या उत्तराचं मला फार अप्रूप वाटतं. मार खाल्ल्यानंतर तासाभरात आपलं डोकं चालेनासं होतं. अंग दुखत असतं, मुलं रडत असतात आणि आपलंच काहीतरी चुकलं असेल असं मनात येत असतं. तशात ही बाई पुराव्याचा विचार करते. घरातले लोक नवऱ्याच्या बाजूनं बोलतील, पण हे पाहुणे त्रयस्थ आहेत, त्यांचं ऐकलं जाईल, हे तिला कळतं. कायद्याचं शिक्षण घेतलेल्या बाईनंही एवढ्या तातडीनं सांगितलं नसतं.

पण पुढे गोष्टीला वेगळंच वळण लागलं. काझीपाशी तेव्हा अलेक्झांड्रियाचा एक माणूस बसला होता. तो म्हणाला, हे साधू फार विद्वान असतात, त्यांना बोलवा, धर्मावर वाद घालू या. झालं! साधूंना बोलावणं गेलं, आणि तक्रार राहिली बाजूलाच. पीटर घर राखायला मागे थांबला, बाकी तिघे गेले. वाद रंगला, मग तापला, आणि शेवटी प्रकरण त्या साधूंच्या जिवावर आलं.

संतकथा इथून पुढे चमत्कारांची होते. तिघांना रणरणत्या उन्हात उभं केलं तरी त्यांना काही झालं नाही. मग आग पेटवून जेम्सला तीत ढकललं, तर तो हात जोडून उभा, केसही करपला नाही. दुसऱ्यांदा तेल ओतून मोठी आग केली, तरी तेच. तेव्हा गावच्या सुभेदारानं, त्याला मलिक म्हणत, त्यांना सोडून दिलं आणि इथून निघून जा असं सांगितलं. पण काझीनं त्याचं मन फिरवलं आणि त्याच रात्री मारेकरी पाठवून तिघांना ठार केलं. दोन दिवसांनी पीटरलाही मारलं. हा काळ एप्रिल १३२१ चा. त्या रात्री चंद्र लख्ख उजळला आणि मग विजांचा कडकडाट झाला, असं कथेत येतं.

बातमी कळल्यावर जॉर्डानस परतला. त्यानं चौघांचे देह नेऊन सोपाऱ्याच्या चर्चमध्ये पुरले. पुढे तीन-एक वर्षांत ओडोरिक नावाचा दुसरा फ्रान्सिस्कन प्रवासी इथे आला. त्यानं त्यांच्या अस्थी उकरून घेतल्या आणि जहाजातून थेट चीनला नेल्या. वाटेत वारा पडला, जहाज हलेना. सगळ्यांनी आपापल्या देवाला आळवून झालं. मग ओडोरिकनं एक अस्थी गुपचूप समुद्रात टाकायला लावली आणि वारा सुटला, असं तो सांगतो. आपल्या किनाऱ्यावरच्या बायकांना यात नवीन काही वाटणार नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देणारे आपण, अडलेल्या जहाजावर माणसाची श्रद्धा कशी उसळते ते आपल्याला सांगायला नको.

आणखी एक गोष्ट ओडोरिकनं लिहिलीय. साधू जिथे मारले गेले तिथली माती गावातले हिंदू आणि मुसलमान दोघेही नेत, पाण्यात कालवून पीत आणि आजार बरा झाला असं म्हणत. म्हणजे ज्या गावात त्यांचा जीव गेला तिथेच, वेगळ्या धर्माच्या लोकांनी त्यांना आपलं मानलं. उदी, अंगारा, दर्ग्यातला धागा, वसईच्या रमेदीची मेणबत्ती... आपल्याकडच्या बायकांची श्रद्धा अशी कुंपण ओलांडूनच चालत आली आहे.

ओडोरिकनं हा सगळा वृत्तान्त १३३० साली इटलीत परतल्यावर सांगितला आणि तो लिहून घेतला गेला. त्याच्या प्रती युरोपभर गेल्या. जॉर्डानसला पोपनं कोल्लमचा बिशप नेमलं. आणि थॉमस यांना १८९४ साली पोप तेरावे लिओ यांच्या काळात 'धन्यवादित' म्हणून मान्यता मिळाली. संतपदाच्या आधीची ही पायरी.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही कथा एकाच बाजूनं सांगितलेली आहे. तिचा आधार घेऊन आज कुणी कुणाच्या धर्माकडे बोट दाखवू नये. मार खाणारी बाई आणि मारणारा नवरा एकाच धर्माचे होते. तिनं न्याय मागितला तो दुसऱ्या धर्माच्या काझीकडे, आणि त्यानंही तिला हाकलून न देता पहिला प्रश्न योग्य तोच विचारला. बाईचा मार हा काही एका धर्माचा नसतो.

बचत गटाच्या एका बैठकीत मी ही गोष्ट सांगितली होती. सगळ्या जणी शांत ऐकत होत्या. आगीचा चमत्कार झाला, जहाजाचा झाला. संपल्यावर दांडीकडची एक मावशी, आयुष्यभर मासळी विकलेली, म्हणाली, "ते सगळं खरं गं बाय, पण त्या बाईचं पुढे काय झालं?"

मी म्हटलं, "मावशी, ते लिहिलेलंच नाही."

"म्हणजे साक्षीदार मेले, नवरा सुटला, आणि ती परत त्याच घरात गेली?"

कुणीच काही बोललं नाही. कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ओडोरिकच्या कथेत ती बाई पुढे पुन्हा येतच नाही. पुरुषांचा धर्मावरचा वाद सुरू झाला आणि तिच्या पाठीवरचे वळ कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. आजही काय वेगळं घडतं? बाई तक्रार घेऊन जाते आणि बघता बघता विषय होतो घराण्याच्या इज्जतीचा, जातीचा, परप्रांतीयांचा, नाहीतर दोन पक्षांच्या भांडणाचा. तिला काय झालं ते बाजूलाच राहतं.

ही कथा वाचल्यावर मी मध्ययुगातल्या आणखी संतकथा शोधू लागले. वाटलं होतं, या पोथ्यांत फक्त चमत्कार असतील. पण त्यांत मारहाण सोसणाऱ्या बायका पुष्कळ भेटल्या.

आजच्या बेल्जियममधल्या गिस्तेल गावची गोडेलिव्ह ही त्यातली एक. अकराव्या शतकातली. चांगल्या घरची मुलगी, लग्न झालं बेर्टोल्फ नावाच्या सरदाराशी. सासूला ती पहिल्या दिवसापासून नकोशी. तिला एका कोठडीत ठेवलं, खायला जेमतेम भाकरी-पाणी. त्यातलंही ती गरिबांना देई, असं कथा सांगते. शेवटी ती पळून माहेरी गेली. वडील खमके होते. त्यांनी बिशपकडे आणि तिथल्या काउंटकडे दाद मागितली. निकाल काय लागला? नवऱ्यानं तिला परत न्यावं आणि नीट नांदवावं! तशी ती परत गेली. थोडे दिवस गेले. १०७० साली एका रात्री नवऱ्याच्या दोन नोकरांनी तिला फसवून बाहेर नेलं, गळा आवळला आणि डोकं पाण्यात बुडवलं, म्हणजे मृत्यू आपोआप आला असं वाटावं.

वाचताना माझ्या हातापायांतलं बळ गेलं. 'विहिरीवर पाय घसरला', 'स्टोव्हचा भडका उडाला', ही वाक्यं आपण किती वेळा ऐकली आहेत! हजार वर्षांपूर्वीही तेच, आणि त्याआधी तीच बैठक: दोन्हीकडची मोठी माणसं, थोडं समजावणं, 'एकदा संधी देऊन बघू', आणि मुलीची पाठवणी. पुढे १०८४ साली चर्चनं गोडेलिव्हला संत मानलं. ज्या पाण्यात तिला बुडवलं त्या पाण्यानं आंधळ्यांना दृष्टी येते अशी श्रद्धा तिथे रुजली. माझ्या मनात आलं, ती गेल्यावर इतरांचे डोळे उघडले, पण तिला परत पाठवणाऱ्यांचे डोळे वेळेवर उघडले असते तर?

दुसरी रीटा, इटलीतल्या काशिया गावची, चौदाव्या-पंधराव्या शतकातली. तिचा नवरा रागीट, हात उचलणारा. तिनं अठरा वर्षं सोसलं आणि शेवटी तो निवळला, असं कथेत आहे. पण गावच्या वैरात त्याचा खून झाला आणि मुलं सूड घ्यायला निघाली. खुनाला खून नको म्हणून रीटा आड आली. मुलंही गेल्यावर ती मठात गेली. तिच्या शेवटच्या दिवसांत भर हिवाळ्यात गुलाब फुलला, अशी आख्यायिका आहे. १९०० साली तिला संतपद मिळालं. २२ मेला तिच्या सणाच्या दिवशी जगभरच्या चर्चमध्ये गुलाब आशीर्वादित करून वाटतात. अशक्य अडचणींत सापडलेल्यांची ती कैवारी मानली जाते.

रीटाच्या संयमाबद्दल मला आदर आहे. सूडाची साखळी तोडायला फार मोठं काळीज लागतं. पण तिची गोष्ट सांगून 'बघ, तिनं कसं सोसलं, तूही सोस' असं कुणी एखाद्या मुलीला सांगू लागलं की मला राहवत नाही. रीटाचा नवरा सुधारला. गोडेलिव्हचा सुधारला नाही. आपल्या समोर बसलेल्या मुलीचा नवरा यांतला कोणता, हे सांगायला आपण काही संत नाही!

आपल्याकडेही बघा ना. संत बहिणाबाई, तुकोबांच्या शिष्या. १६२८ चा जन्म, लहानपणी लग्न आणि नवरा वयानं कितीतरी मोठा. भजन-कीर्तनाच्या ओढीपायी त्यांनी नवऱ्याचा मार खाल्ला. पण त्यांचं एक वेगळं आहे. ठाण्याच्या बाईची गोष्ट दुसऱ्यानं सांगितली, गोडेलिव्हचं चरित्र तिच्या मृत्यूनंतर एका मठवासी साधूनं लिहिलं. बहिणाबाईंनी मात्र आपली कहाणी स्वतःच अभंगांत सांगितली. आपल्यावर काय झालं ते आपणच नोंदवून ठेवलं म्हणजे ते पुसलं जात नाही. ठाण्याच्या त्या बाईला लिहिता येत असतं तर?

आणि आपल्या वसईचेच संत गोन्सालो गार्सिया. पालघर जिल्ह्यातल्या मातीतून वर गेलेले हे संत. जपानमध्ये नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर त्यांना मारलं. १८६२ साली संतपद मिळालं. त्यांच्या नावानं वसईत कॉलेज आहे, गास गावी चर्च आहे. वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच. पण त्या आईचं नाव काय? पाठ्यपुस्तकात शोधा, चर्चच्या पाटीवर शोधा. मला तरी कुठे दिसलं नाही.

तर मैत्रिणींनो, सातशे वर्षांत बदललं काय? एक गोष्ट नक्की बदलली. ठाण्याच्या बाईला चार साक्षीदार दाखवावे लागले. आज तुमच्या-आमच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. सगळ्या धर्मांच्या बायकांना तो सारखाच. मारहाणच नव्हे, तर सततचे शिव्याशाप, पैसे अडवून ठेवणं हेही त्यात हिंसाच धरलंय. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क बाईला आहे. तक्रारीसाठी संरक्षण अधिकारी असतात, अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. कोर्टानं दिलेला संरक्षणाचा आदेश नवऱ्यानं मोडला, तर एकट्या त्या बाईच्या साक्षीवरही कोर्ट त्याला दोषी धरू शकतं. चार साधू लागत नाहीत! शिवाय नवऱ्याच्या छळाचं जुनं ४९८ अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ क्रमांकाचं झालंय. वकिलाला पैसे नसतील तर बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १८१ हा महिलांच्या मदतीचा फोन, आणि जीवावर बेतलं तर ११२.

पण या कायद्यातलं एक कलम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. शेजारच्या घरात मारहाण होतेय किंवा होणार आहे असं वाटलं, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. चांगल्या हेतूनं कळवलं असेल तर कळवणाऱ्यावर कोणतीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. म्हणजे साक्षीदारालाही कायद्यानं अभय दिलंय.

आपण राहतो त्या चाळी, कंपन्यांच्या कॉलन्या, कोळीवाडे, पाडे... भिंती पातळ असतात. बोईसरला रात्रपाळी करून आलेला माणूस बायकोवर ओरडतो तेव्हा तीन घरांना ऐकू जातं. आणि तीनही घरांत टीव्हीचा आवाज वाढतो. 'दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडायचं?' असं म्हणत आपण कान मिटून घेतो. ती बाई मात्र, ठाण्याच्या त्या बाईसारखीच, मनात मोजत असते. कोणी ऐकलं असेल? कोणी सांगेल का?

त्या चार साधूंची नावं युरोपात सातशे वर्षं टिकली, आणि ती टिकावीत. पण मला त्या निनावी बाईलाही नमस्कार करावासा वाटतो. तिनं आपल्यासाठी दोन गोष्टी मागे ठेवल्यात: घरातलं दुखणं उंबऱ्याबाहेर नेता येतं, आणि ज्यांनी पाहिलं त्यांचं नाव घेता येतं. उद्या एखादी तुमच्याकडे बघून म्हणाली, "या ताईंनी पाहिलंय," तर नजर चुकवू नका. मान वर करून सांगा, हो, मी पाहिलंय.